वाचकांचे प्रश्न : काटेरी पानांचे, पिवळ्या फुलांचे तण

प्रश्न : मोहरीच्या शेतात आणि बांधावर काटेरी पानांचे, पिवळ्या फुलांचे एक तण वाढले असून विळ्याने कापले तरी ते पुन्हा फुटते. काही जण त्याला रानटी करडई म्हणतात. हे तण कोणते आणि ते कसे आटोक्यात आणावे?

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा पिवळा धोतरा असावा. खात्रीसाठी हातमोजे घालून खोड मोडून पाहावे; पिवळाधमक चीक आला तर ती करडई नव्हे. निळसर हिरव्या पानांवर शिरांलगत पांढुरके पट्टे, 4 ते 6 नाजूक पाकळ्यांचे सुटे फूल आणि काटेरी बोंड, याही खुणा पाहाव्यात. अफूच्या कुळातील ही वनस्पती मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची आहे.

हे तण वर्षायू असून केवळ बियांवर टिकते, आणि बी जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहत असल्यामुळे एका हंगामात ते संपेल अशी अपेक्षा ठेवू नये. सारा भर बोंडे धरण्यापूर्वीच्या काळावर द्यावा. पाने जमिनीलगत चक्राकार पसरलेली असतानाच, ओल असताना, खुरप्याने सोटमुळासह रोप उपटावे. वरवर कापल्यास बुडख्यातून नवे फुटवे येतात, आपला अनुभवही तोच आहे. बोंडे पिकली असतील तर झाड न हलवता ती आधी पोत्यात खुडून घ्यावीत आणि शेताबाहेर नेऊन नष्ट करावीत. शेणखताच्या खड्ड्यात मुळीच टाकू नयेत.

टू-फोर-डी हे तणनाशक तृणधान्यांत रुंद पानांच्या कोवळ्या तणांवर चालते, परंतु मोहरीही रुंद पानांचीच असल्याने ते आपल्या पिकावर फवारू नये. तेथे निंदणीला पर्याय नाही.

आपले पीक मोहरीचे आहे, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. या तणाचे काळपट, गोल बी मोहरीसारखेच दिसते, मात्र त्याचा पृष्ठभाग जाळीदार व खरबरीत असतो. त्यातील सँग्विनरिन हे विषारी द्रव्य तेलात उतरले तर पाय सुजतात, धाप लागते, हृदयावर ताण येतो. 1998 साली दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने 60हून अधिक माणसे दगावली. तेव्हा कापणीपूर्वी शेतात एक फेरी मारून उरलेले प्रत्येक झाड काढावे, आणि मोहरीत हे बी मिसळल्याची शंका आली तर ती घाण्यावर नेऊ नये.