‘इबो’ की ‘इग्बो’, आणि नदीकाठचे ‘ओलू’

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : नायजेरियातील नायजर नदीच्या काठावरील ओनिचा, असाबा, अबो, ओगुटा या गावांविषयी वाचताना तेथील समाजाचे नाव कोठे ‘इबो’ तर कोठे ‘इग्बो’ असे लिहिलेले आढळते, शिवाय ओनिचाचे जुने रहिवासी ‘इग्बो’ हा शब्द स्वतःसाठी नव्हे, तर पूर्वेकडील उंचवट्यावरच्या लोकांसाठी वापरीत, असाही उल्लेख वाचनात येतो. तेव्हा शुद्ध लेखन कोणते, आणि हे नाव मुळात कोणाचे?

लेखनाचा भाग सोपा असल्यामुळे तो आधी उरकतो. ‘इग्बो’ हेच लेखन घ्यावे. या शब्दातील ‘ग्ब’ हे मराठी जोडाक्षराप्रमाणे दोन व्यंजनांचे जोडकाम नसून तो एकच ध्वनी आहे : जिभेचा मागचा भाग टाळूला आणि दोन्ही ओठ एकमेकांना एकाच वेळी चिकटतात व एकाच वेळी सुटतात. आपण सवयीने ‘इग्-बो’ असे तोडून म्हणतो. तेथे मात्र ‘इ’ आणि ‘ग्बो’ अशी दोन अक्षरे पडतात. काही बोलींत हा ध्वनी हवा आत ओढून केलेल्या ‘ब’सारखा ऐकू येतो. इंग्रजांच्या कानाने त्यातला ‘ब’ तेवढा टिपला आणि ‘इबो’ हे रूप सरकारी कागदांत रूढ झाले. वास्तविक 1854 साली नायजरवर जलप्रवास करणाऱ्या विल्यम बाल्फोर बेकी याने आपल्या वृत्तांतात ‘ग’ जपला होता. पण दफ्तरांनी त्याचे ऐकले नाही. ओन्वू समितीने 1961 साली इग्बो भाषेची आजची वर्णव्यवस्था ठरवली. तिच्यातील 36 वर्णांत हा ध्वनी स्वतंत्र वर्ण म्हणून मोजला जातो.

जाता जाता ‘ओनिचा’विषयी. इंग्रजी लेखनात मिशनऱ्यांच्या काळापासून एक जादा ‘त’ शिरल्यामुळे मराठीत ‘ओनित्शा’ असे लिहिले जाते, त्याची गरज नाही. यातला ‘च’ चहातला आहे, चाकातला नव्हे. मात्र तो दाखवण्यासाठी ‘ओनिच्या’ लिहिले, तर वाचक पुढचे नाम शोधत बसेल, म्हणून ‘ओनिचा’ हेच बरे. या नावाची गावे अनेक आहेत. पश्चिम तीरापलीकडे ओनिचा-उग्बो, ओनिचा-ओलोना, ओनिचा-उकू आहेत, म्हणून काठावरच्या मोठ्या गावाला ‘ओनिचा म्मिली’, म्हणजे पाण्यावरची ओनिचा, असे म्हणतात. पाण्याला तेथे ‘म्मिली’ म्हणतात, पूर्वेकडे ‘म्मिरी’. हा ल-र चा फरक पुढे लागणार आहे.

आता खरा प्रश्न. नदीकाठच्या जुन्या बोलण्यात ‘ओलू ना इग्बो’ अशी एक जोडी येते. र-बोलींत ती ‘ओरू ना इग्बो’ होते. ‘ना’ म्हणजे ‘आणि’. ‘ओलू’ म्हणजे नदीच्या पाणथळ पट्ट्यातले लोक व त्यांचा मुलूख. ‘इग्बो’ म्हणजे नदीपासून दूर, उंचावरच्या शेतीच्या मुलखातले लोक. दोन्ही मिळून जे होते ते ‘सगळे आपले जग’. कोकणातल्या माणसाने ‘देशावरचे’ म्हणावे, तसा हा शब्द मुळात दिशा आणि उंची सांगणारा होता. एका भाषेच्या सर्व बोलणाऱ्यांना कवेत घेणारे कुलनाम तो नव्हता. अशा शब्दांचे बोट नेहमी दुसऱ्याकडे वळलेले असते. उंचवट्यावरून पाहिले की अबो, ओसोमारी, ओगुटा हे सगळे ओलू; आणि अबोच्या लोकांनी नदीच्या मुखाकडे पाहिले की खाडीतले इजॉ हे त्यांच्या लेखी ओरू. आजच्या इमो राज्यात ओगुटाच्या शेजारी ओरू पूर्व आणि ओरू पश्चिम अशी दोन स्थानिक शासनक्षेत्रे आहेत, त्यांच्या नावांत हाच शब्द मानला जातो.

गावांच्या नावांत याचा पुरावा मिळतो. ‘इग्बो’ हा शब्द पोटात असलेली जुनी नावे, उदाहरणार्थ इग्बो-उकू किंवा अमाइग्बो, पूर्वेच्या उंच मुलखात आहेत; ओनिचा, अत्तानी, ओसोमारी, अबो, ओगुटा या काठच्या नावांत तो नाही. पश्चिम तीरावर असाबाजवळ एक लक्षणीय अपवाद आहे, आणि तो नियमाला बळकटीच देतो. इंग्रजीने ज्याचे ‘इबुसा’ केले, त्या गावाचे खरे नाव ‘इग्बुझो’ आहे, आणि परंपरा त्याची फोड ‘वाटेवर राहणारे इग्बो’ अशी करते. नदी ओलांडून पूर्वेकडून आलेल्या वस्तीला शेजाऱ्यांनी दिलेले हे नाव आहे. शेजारी स्वतःला इग्बो म्हणवत असते, तर या नावाने वेगळेपण काय दाखवले असते?

लिखित साक्षींपैकी एक जुनी आणि सर्वांत गमतीची साक्ष ओलाउदा इक्वियानो याची आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या या माणसाने 1789 साली लंडनमध्ये आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याच्या जन्मस्थानाविषयी अभ्यासकांत वाद आहे, तो येथे बाजूला ठेवू. तो आपल्या मुलखाला ‘ईबो’च्या जवळपास जाणारे नाव देतो, परंतु नैर्ऋत्येकडून बाजारात येणाऱ्या तांबूस वर्णाच्या परक्या व्यापाऱ्यांना आमच्याकडे ‘ओये-ईबो’ म्हणत आणि त्याचा अर्थ दूर राहणारे तांबडे लोक असा आहे, असेही सांगतो. हा शब्द ‘ओन्ये इग्बो’, म्हणजे इग्बो माणूस, असाच वाचला जातो. म्हणजे एकाच पुस्तकात तो शब्द इंग्रजी वाचकांसमोर स्वतःचा आहे आणि लहानपणीच्या आठवणीत परक्यांचा. पुढे सिएरा लिओनमध्ये मुक्त झालेल्या गुलामांकडून शंभराहून अधिक भाषांचे नमुने गोळा करणाऱ्या सिगिस्मुंड कोएले याने 1854 साली नोंदवले, की ज्यांना तेथे ‘इबो’ म्हणत, त्यांच्यापैकी काहींनी सिएरा लिओनला येईपर्यंत हे नाव ऐकलेच नव्हते. ते स्वतःला इसोआमा, आरो अशा आपापल्या मुलखांच्या नावांनी ओळखत. बेकीचे निरीक्षणही याच्याशी जुळते : घरी असताना प्रत्येक जण आपल्या गावाचा वा मुलखाचा, आणि घराबाहेर पडल्यावर सगळे इग्बो.

काठच्या गावांना स्वतःला वेगळे म्हणवण्याची कारणे होती आणि ती केवळ भूगोलाची नव्हती. ओनिचाची परंपरा एझे चिमा या पूर्वजाच्या नेतृत्वाखाली पश्चिमेकडून, बेनिन या जुन्या राज्याच्या बाजूने, नदी ओलांडून आल्याचे सांगते. इसेले-उकू, ओबिओर यांच्यासह पश्चिमेच्या तिन्ही ओनिचा त्याच घराण्याच्या मानल्या जातात. ओसोमारीच्या कथा उत्तरेच्या इगाला राज्याकडे निर्देश करतात. असाबा मात्र आपला पूर्वज न्नेबिसी याचे नाते पूर्व तीराकडील न्तेजे या गावाशी जोडते. काठ असा सर्व बाजूंच्या माणसांनी बनलेला आहे. ओनिचा आणि अबो येथे ‘ओबी’ हे पद धारण करणारा राजा असे, दरबारी पदांची उतरंड असे, आणि या व्यवस्थेवर बेनिनची छाप स्पष्ट दिसते. ओनिचाचा ओबी वर्षातून एकदा ओफाला उत्सवात प्रजेसमोर येतो. ही प्रथा आजही चालू आहे. बायकांच्या बाजूने ‘ओमू’ हे स्वतंत्र पद असे. बाजारावर तिचा अधिकार चाले आणि ती राजाची पत्नी नसे. त्यामुळे इंग्रजी ‘क्वीन’वरून तिला ‘राणी’ म्हणण्याची जी पद्धत पडली आहे, ती टाळावी.

याच संदर्भात एक प्रसिद्ध म्हण पुन्हा वाचण्यासारखी आहे. ‘इग्बो एन्वे एझे’, म्हणजे ‘इग्बोंना राजा नसतो’, ही म्हण आज एका संपूर्ण समाजाच्या लोकशाही वृत्तीचे ब्रीद म्हणून सांगितली जाते. पण ‘इग्बो’चा जुना अर्थ घेतला, तर ती राजे असलेल्या काठाने वरच्या मुलखाविषयी केलेली टिप्पणी ठरते, आणि तिच्यात कौतुकापेक्षा हिणवणे अधिक असावे असे मला वाटते. अर्थात ती शब्दशः खरी नव्हतीच. ओनिचाच्या पूर्वेला न्री येथे ‘एझे न्री’ हा धर्मसत्ता चालवणारा राजा होता. शेजाऱ्यांविषयीच्या म्हणी असल्या अपवादांची फिकीर करीत नाहीत.

हिणवण्याला गुलामांच्या व्यापाराने धार आणली. अबोच्या मोठ्या होड्यांचा नदीच्या खालच्या टप्प्यावर वचक होता आणि उंच मुलखातून धरून आणलेली माणसे काठच्या बाजारांतून खाडीकडे जात. त्यामुळे काठच्या तोंडी ‘इग्बो’ या शब्दाला ‘विकला जाणारा’ अशी छटा चिकटली. विसाव्या शतकात ओनिचाचा बाजार वाढून बाहेरच्यांची संख्या मूळ रहिवाशांपेक्षा अधिक झाली, तेव्हाही मूळ ओनिचाकर त्यांना ‘न्वा ओन्ये इग्बो’, म्हणजे इग्बोचे पोर, म्हणत. आणि स्थानिक राजकारणात ‘ओनिचाबाहेरचे इबो’ असा एक रीतसर गटच तयार झाला होता.

मग नाव सर्वांचे कसे झाले? मुख्यतः परक्यांनी वापरल्यामुळे आणि परमुलखात उपयोगी पडल्यामुळे. 1857 साली सॅम्युएल अजायी क्राउदर या आफ्रिकी पाद्र्यांच्या पुढाकाराने ओनिचात अँग्लिकन मिशन सुरू झाले, आणि ते चालवण्यासाठी नेमलेले जॉन क्रिस्टोफर टेलर हे सिएरा लिओनमध्ये वाढलेले इग्बो वंशाचे होते. ज्या सिएरा लिओनमध्ये हे नाव गुलामांना चिकटले, तेथूनच ते अभिमानाचे होऊन नदीकाठी परत आले, असे म्हणता येईल. मिशनला एकाच भाषेचे, एकाच ग्रंथाचे नाव हवे होते. अनेक बोली एकत्र करून सिद्ध केलेले बायबल 1913 साली निघाले, तोवर भाषेचे नाव पक्के झाले होते. इंग्रजी शासनाच्या खानेसुमारीने आणि लागोस वा उत्तरेकडील शहरांत नोकरीस गेलेल्यांच्या ग्रामसंघांनी उरलेले काम केले. 1948 साली या संघांच्या मध्यवर्ती संघटनेचे, इबो स्टेट युनियनचे, अध्यक्षपद पुढे नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेल्या न्नामदी अझिकिवे यांच्याकडे आले, ते मूळ ओनिचाच्या घराण्यातले. ज्या गावातले वृद्ध ‘आम्ही इग्बो नव्हे’ म्हणत, त्याच गावाचा माणूस सर्व इग्बोंचा नेता झाला.

नायजेरियाच्या पूर्व भागाने ‘बियाफ्रा’ या नावाने फुटून निघण्यावरून झालेल्या युद्धाने, म्हणजे 1967 ते 1970 या काळाने, हा शब्दार्थाचा प्रश्न जिवावर बेतवला. पश्चिम तीरावरचे असाबा बियाफ्राचा भाग नव्हते. तरीही ऑक्टोबर 1967 मध्ये केंद्रीय सैन्य तेथे पोहोचले, तेव्हा ‘एक नायजेरिया’च्या घोषणा देत स्वागताला निघालेल्या गावकऱ्यांतील पुरुष व मुलगे वेगळे काढून शेकडोंना ठार करण्यात आले. सैनिकांच्या लेखी ते इग्बो होते. ओलू आणि इग्बो हा भेद त्यांना ठाऊक नव्हता. युद्धानंतर अनेक समूहांनी या नावापासून अंतर राखले. पोर्ट हारकोर्टच्या परिसरातील इक्वेरे लोकांनी आपली ओळख स्वतंत्र असल्याचे ठामपणे मांडले. त्यांच्या अनेक गावांची नावे ‘रुमू’ने सुरू होतात आणि इग्बो गावांची ‘उमू’ने, ज्याचा अर्थ ‘लेकरे’ असा आहे. यांतले मूळ रूप कोणते यावर अजूनही तावातावाने वाद होतो. पश्चिम तीरावर तेथील राजकीय नेते डेनिस ओसादेबे यांनी सुचवलेले ‘आनिओमा’ हे नाव रुळले. अनिओचा, न्डोक्वा, इका, ओशिमिली या विभागांची आद्याक्षरे त्यात गुंफली आहेत, आणि वाचताना ‘चांगली भूमी’ असाही अर्थ निघतो. यातले ‘ओशिमिली’ हे नायजर नदीचेच स्थानिक नाव आहे. आज कोणी आनिओमा माणूस स्वतःला इग्बो म्हणवतो, कोणी म्हणवत नाही, आणि एकाच घरात दोन्ही सापडतात.

मराठीत लिहिणाऱ्याने यातून काय घ्यावे? भाषेसाठी आणि आजच्या समग्र समाजासाठी ‘इग्बो’ निःशंकपणे लिहावे. विसाव्या शतकाच्या आधीच्या काठच्या गावांविषयी लिहिताना मात्र शक्य तेथे ओनिचाचे लोक, अबोचे लोक असे गावाच्या नावाने लिहावे, कारण ते स्वतः तसेच सांगत. नैर्ऋत्य नायजेरियातील योरुबा भाषेत ‘इग्बो’ म्हणजे रान, म्हणून हे ‘रानातले लोक’, अशी व्युत्पत्ती अधूनमधून सांगितली जाते, तिला थारा देऊ नये. दोन्ही भाषा सुरांवर अर्थ ठरवणाऱ्या आहेत आणि दोन्ही शब्दांचे सूर वेगळे आहेत.

आणखी एक खड्डा जुन्या प्रवासवृत्तांत आहे. 1830 साली नायजरचे मुख शोधत निघालेल्या रिचर्ड व जॉन लँडर या भावांना नदीवर पकडून ज्या राजापुढे नेण्यात आले, तो त्या वृत्तांतात ‘ईबोचा राजा’ आहे. तेथे ‘ईबो’ म्हणजे अबो हे गाव, आणि राजा म्हणजे तिथला ओबी, ज्याने 1841 साली इंग्रजांशी करारही केला. या वाक्याचे ‘इग्बोंचा राजा’ असे भाषांतर केले, तर एका गावच्या सत्ताधीशाला असे राज्य बहाल होते, जे कधीच अस्तित्वात नव्हते.