सबटायटलची वेळ मायनसमध्ये का जाते?

प्रश्न: आमच्या गावच्या नाटकाचं शूटिंग केलंय, त्याला सबटायटल लावतोय, एसआरटी फाईल आहे (ओळी आणि त्या कधी दिसायच्या त्या वेळा लिहिलेली साधी मजकूर फाईल). सगळ्या ओळी दोन सेकंद उशिरा येतात म्हणून जावास्क्रिप्टमध्ये छोटा कोड लिहिला, स्वल्पविराम काढून टिंब टाकलं, पुढे १९७० ची १ जानेवारी जोडली आणि डेटला (जावास्क्रिप्टमधली तारीख-वेळ सांभाळणारी सोय) दिलं. ००:०१:०५,५०० चे ६५५०० मिलिसेकंद यायला हवेत तर येतात -१९७३४५००! लंडनच्या भावाकडे तोच कोड -३५३४५०० देतो. काय चुकतंय?

उत्तर: अहो, इथे डेट वापरायचंच नाही. तुमचं ००:०१:०५ म्हणजे किती वाजले ते नाहीये, व्हिडिओ सुरू होऊन किती वेळ झाला ते आहे, पण डेटला हे कुठून कळणार, तो समजतो रात्रीचे बारा वाजून एक मिनिट झालंय तेही इथल्या टाइमप्रमाणे, आणि आपण यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे म्हणून तेवढे १९८००००० मिलिसेकंद वजा करून मोकळा होतो. लंडनला एरवी जानेवारीत फरक शून्य असतो, पण १९६८ ते १९७१ तिकडे हिवाळ्यातसुद्धा घड्याळ एक तास पुढेच ठेवलं होतं, म्हणून भावाकडे ३६००००० गेले. वेळेच्या शेवटी झेड (म्हणजे ‘ही वेळ यूटीसीतली’) जोडलात तर आकडा बरोबर येईल, तरी मी म्हणेन स्ट्रिंग, म्हणजे वेळेचा तो मजकूर, स्वतःच तोडा.

कोलनवर तीन तुकडे करा, शेवटचा परत स्वल्पविरामावर तोडा. मग तास गुणिले ३६०००००, मिनिटं गुणिले ६००००, सेकंद गुणिले १०००, आणि त्यात मिलिसेकंद मिळवा, झालं.

जपायचं ते स्वल्पविरामानंतरच्या अंकांना. हाताने टाइप करताना कोणी ०५,५ लिहिलं असेल तर तो ५ म्हणजे ५०० आहे, सरळ आकडा केलात तर पाचच मिलिसेकंद धरले जातील, म्हणून आधी उजवीकडे शून्य भरून तीन अंक करून घ्या. आणि सेकंद दशांशात घेऊन हजाराने गुणू नका, १.००५ गुणिले १००० जावास्क्रिप्टमध्ये १००४.९९९९९९९९९९९९९ येतं, पुढचं छाटलं की राहिले १००४.

आता प्रत्येक वेळेतून २००० वजा करा, अगदी सुरुवातीच्या ओळी शून्याखाली गेल्या तर शून्यावरच थांबवा. परत स्ट्रिंग करताना भागाकार आणि बाकी, डावीकडे शून्य भरायचे, आणि स्वल्पविराम आठवणीने परत टाका, टिंब वेबव्हीटीटी या दुसऱ्या प्रकारच्या सबटायटल फाईलमध्ये असतं.