२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे हे ऑयलरला कॅल्क्युलेटरशिवाय कसं कळलं?

तुमच्या मुलाने विचारलंय, की २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजे ही दोनशे चौदा कोटींची संख्या मूळ आहे हे ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७७२ मध्ये हाताने कसं ठरवलं? एकेका संख्येने भागत बसला का? नाही. भागाकार त्याने केलेच, पण त्याआधी कोणते करायची गरजच नाही हे शोधून काढलं. मला त्याचं सगळ्यात मोठेपण इथेच वाटतं.

मी परळला दहावीचं गणित शिकवते. वर्गात मी आधी धाकटी संख्या घेते: २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७. तिचे अवयव २३ आणि ८९. २३ म्हणजे २२ + १, आणि ८९ म्हणजे ८८ + १. दोन्ही २२ च्या पटीपेक्षा एकने जास्त, आणि २२ ही ११ ची दुप्पट. हा योगायोग नाही.

आता आपली संख्या. समजा क या मूळ संख्येने तिला पूर्ण भाग जातो. म्हणजे २ च्या ३१ व्या घाताला क ने भागलं की बाकी १. फर्माच्या प्रमेयाने २ च्या (क − १) व्या घाताचीही बाकी १. ३१ स्वतः मूळ आहे, त्यामुळे क − १ ला ३१ ने भाग जायलाच हवा. क विषम, म्हणून ६२ नेही. पुढे, २ च्या ३२ व्या घाताची बाकी २ येते, म्हणजे २ ही एका पूर्ण वर्गाची बाकी झाली. असं असेल तर क ला ८ ने भागल्यावर १ किंवा ७ च उरतात. दोन्ही अटी एकत्र केल्या की क ला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३.

आपल्या संख्येचं वर्गमूळ ४६,३४१ च्या किंचित खाली आहे, आणि अवयव असलाच तर एक तरी त्याच्या आत सापडतोच, म्हणून तिथपर्यंतच तपासायचं. तिथपर्यंत मूळ संख्या पावणेपाच हजारांहून जास्त. या दोन चाळण्यांतून ऐंशीच्या आसपास उरतात. पहिली ३११, आणि दुसरी थेट १३०३!

एका पावसाळ्यात चार मुलांनी हे भागाकार वाटून घेतले. मध्येच एक जण ओरडला, "बाई, बाकी शून्य आली!" सगळे त्याच्या वहीवर वाकले. आकडा खाली उतरवताना एक ४ सुटला होता. पुन्हा केलं, बाकी उरली.

ऑयलरची दृष्टी तेव्हा जवळजवळ गेली होती. सेंट पीटर्सबर्गला पासष्टीचा माणूस मनात एवढे आकडे सांभाळत होता, हे वर्गात सांगताना आजही माझा आवाज जरा बदलतो.

मुलाला कॉम्प्युटरची आवड असेल तर हेही सांगा: १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत (त्यातला एक अधिक-उणे चिन्हासाठी) मोजणाऱ्या जुन्या प्रणाली याच संख्येपर्यंत जाऊ शकतात. तो क्षण १९ जानेवारी २०३८ चा, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. त्या वेळी लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

पण आधी त्याला वही-पेन्सिल द्या आणि ३११ ने भागायला बसवा. भागाकार ६९,०५,०९२ आणि बाकी ३५ आली, की मग १३०३.