दुकानदारांना फुकट काय द्यावे?

प्रश्न : नागपूरच्या महाल भागात माझे जीएसटी सल्ल्याचे ऑफिस आहे. इतवारी-गांधीबागेतल्या दुकानदारांना डायऱ्या वाटल्या, एकही फोन आला नाही. काय द्यावे?

उत्तर : डायरी गल्ल्याखाली जाते. मासिक रिटर्नवाल्यांना एका महिन्याची खरेदी-पडताळणी, म्हणजे बिले पोर्टलशी जुळवून बघणे, फुकट करून द्या. जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी, १४ तारखेला येते, कर भरायच्या ३बी रिटर्नची मुदत २० तारखेची; मधले दिवस तुमचे. पासवर्ड मागू नका, दुकानदार तिथेच बिचकतो. २बीची एक्सेल फाइल आणि खरेदीची बिले पुरतात. पुरवठादाराने जीएसटीआर-१ या आपल्या विक्रीच्या रिटर्नमध्ये न दाखवलेली किंवा दुसऱ्याच जीएसटी क्रमांकावर चढवलेली बिले वेगळी काढा. प्रत्येक बिलापुढे अडकलेला, म्हणजे वजा न मिळणारा, कर रुपयांत लिहा. बोलतो तो हाच आकडा. रिटर्न मात्र फुकट भरू नका, पुढे फी मागणे जड जाते. आणि कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या छोट्या दुकानदारांना, वगळा. त्यांना खरेदीवरच्या कराचे क्रेडिटच (वजावट) नसते.