वाचकांचे प्रश्न : दर जॉबमागे ऑफसेट का देऊ नये

प्रश्न : आमच्याकडे सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथवर स्टीलचे पातळ बुश (नळीसारखे पोकळ भाग) होतात. बोअर (आतले भोक) २५ मि.मी., टॉलरन्स (मापात चालणारा फरक) अधिक-उणे ०.०२. ऑपरेटर प्रत्येक जॉब (तयार नग) मोजतो आणि जेवढा फरक दिसेल तेवढा ऑफसेट (मशीनच्या सेटिंगमधली दुरुस्ती) लगेच देतो. एवढी काळजी घेऊनही रिजेक्शन ४ टक्क्यांच्या खाली येत नाही. आणखी काय करावे?

उत्तर : आधी ही काळजी थांबवा. तुमच्या रिजेक्शनचा मोठा वाटा बहुधा त्या ऑफसेटमधूनच येतो आहे.

सेटिंग अचूक असले तरी लागोपाठचे दोन जॉब हुबेहूब सारखे निघत नाहीत. मापे थोडी वरखाली होतातच. समजा, एक जॉब ०.०१ ने मोठा आला. त्यात मशीनचा दोष काहीच नव्हता. तरी तुम्ही ०.०१ कमी केले, म्हणजे जागेवर असलेले सेटिंग हलवले. आता पुढच्या जॉबमध्ये त्याची स्वतःची वरखाली आहेच, शिवाय मागच्याची उलटी होऊन तीही मिसळली. स्थिर प्रक्रियेत दर वेळी असे केले, की मापांचा पसारा १.४१ पट होतो. अमेरिकी गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग हीच गोष्ट नरसाळे आणि गोटीच्या प्रयोगाने दाखवत असत.

तुमचेच आकडे घालून पाहू. रिजेक्शन दोन्ही बाजूंना मिळून ४ टक्के असेल, तर प्रमाण विचलन (पसाऱ्याचे माप) साधारण ०.००९७ मि.मी. निघते. त्याला १.४१ ने भागले, की ०.००६९. एवढ्या पसाऱ्याला टॉलरन्सबाहेर जाणारे जॉब अर्ध्या टक्क्याहूनही कमी. बाकी प्रक्रिया स्थिर आहे असे धरून केलेला हा हिशोब आहे, पण दिशा त्यातून कळते. नवे मशीन नको, महागडे टूल नको, फक्त हात आवरायचा.

पण त्याआधी मोजणीचीच परीक्षा घ्या. वेगवेगळ्या मापांचे १० जॉब निवडा. ३ जणांनी ते प्रत्येकी दोनदा मोजावेत, क्रम बदलून आणि आधीचे वाचन न पाहता. मोजणीतल्या फरकाने टॉलरन्सचा ३० टक्क्यांहून जास्त भाग खाल्ला, तर त्या मोजणीवर कोणताही निर्णय घेऊ नका. १० टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त पुढे जा. जॉब मशीनवरून उतरवल्या उतरवल्या मोजू नका. १० अंश जास्त गरम असलेल्या स्टीलच्या बुशचा बोअर जवळपास ०.००३ मि.मी. मोठा दिसतो.

पातळ बुशमध्ये आणखी एक छुपा दोष असतो. थ्री-जॉ चक (जॉब धरणारी तीन जबड्यांची पकड) बुशला तीन ठिकाणी दाबतो. त्या दाबाखाली बोअर गोल कापला जातो आणि चक सोडल्यावर बुश मूळ आकारावर येताना बोअर किंचित तिकोनी होतो. दोन टोकांच्या बोअर गेजला हे दिसत नाही, कारण अशा आकारात समोरासमोरचे अंतर कुठेही घेतले तरी जवळपास तेवढेच भरते. तीन टोकांच्या मायक्रोमीटरने, जॉब फिरवत फिरवत मोजा. फरक आढळला तर चकचा दाब कमी करा, किंवा जॉबच्या व्यासाला बोअर करून घेतलेले, त्याला भोवतीने धरणारे सॉफ्ट जॉ (मऊ धातूचे जबडे) लावा.

मग मशीन गरम होऊ द्या, नवे इन्सर्ट (टूलचे बदलता येणारे कापणारे टोक) लावा आणि ऑफसेटला हात न लावता ३० जॉब काढा. टॉलरन्सबाहेर गेलेला जॉब बाजूला ठेवा, पण त्याचे माप वहीत हवेच. लागोपाठच्या दोन मापांतले फरक काढा, चिन्ह सोडून. असे २९ फरक मिळतील. त्यांच्या सरासरीला २.६६ ने गुणा आणि उत्तर मापांच्या सरासरीत मिळवा व वजा करा. या झाल्या तुमच्या नियंत्रण-मर्यादा; ही कल्पना अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडली. यापुढे ऑफसेट दोनच प्रसंगी द्यायचा : माप मर्यादेबाहेर गेले तर, किंवा सलग ८ मापे सरासरीच्या एकाच बाजूला आली तर. तेव्हाही आधी कारण शोधा. इन्सर्ट झिजते तसा बोअर हळूहळू लहान होत जातो. ते कारण असेल तर शेवटच्या ५ जॉबच्या सरासरीवरून ऑफसेट द्या, एकावरून कधीच नको.

मर्यादा टॉलरन्सला टेकत असतील (तुमच्या बाबतीत ती शक्यता बरीच आहे), तर उरलेले काम पकड, इन्सर्ट आणि कूलंट यांवरच करावे लागेल.

प्रश्न : जुळणीनंतर दोन तपासनीस प्रत्येक नग पाहतात. तरी स्प्रिंग राहून गेलेले नग ग्राहकाकडे पोचतात. तिसरा तपासनीस नेमावा का?

उत्तर : नको. दोघे असले की प्रत्येकाला दुसऱ्याचा आधार वाटतो. तिसऱ्याने तो आणखी वाढेल. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांच्यासमोर असाच प्रश्न आला होता : दोन स्प्रिंगांच्या छोट्या स्विचमध्ये कामगार कधीकधी एक स्प्रिंग घालायला विसरत. त्यांनी जुळणीआधी दोन स्प्रिंगा एका बशीत काढून ठेवायला लावल्या. नग पूर्ण झाला आणि बशीत स्प्रिंग उरली, तर चूक तिथेच, त्याच क्षणी दिसते. तुम्हीही तेच करा. मात्र बशी प्रत्येक नगासाठी नव्याने भरली पाहिजे. दहा नगांच्या स्प्रिंगा एकदम ओतल्या की उपयोग संपला.

प्रश्न : आमच्या कार्यालयात अर्ज पाच टेबलांवरून जातो. प्रत्येक टेबलाचे काम ९५ टक्के बिनचूक आहे, तरी तक्रारी थांबत नाहीत.

उत्तर : ०.९५ ला स्वतःनेच पाच वेळा गुणून पाहा : ०.७७. म्हणजे शंभरातले २३ अर्ज कुठे ना कुठे चुकतात. टेबलावरच दुरुस्त केलेल्या चुका त्या ९५ टक्क्यांत ‘बिनचूक’ धरल्या असतील, तर खरा आकडा याहून वाईट असेल. दोन आठवडे प्रत्येक टेबलाने मागे पाठवलेले अर्ज कारणासह नोंदवा आणि सगळ्यांत जास्त वेळा आलेल्या कारणापासून सुरुवात करा. बहुतेक ठिकाणी ते पहिल्याच टेबलावर, अपुऱ्या कागदपत्रांसह घेतलेल्या अर्जात सापडते.