टेकऑफच्या वेळी जुन्या विमानाचं एक इंजिन पेटलं, तर आतली माणसं वाचतात का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की परदेशात एका जुन्या डीसी-3 मधून फिरायची संधी आलीये, आणि ‘दोन इंजिनं असतात, एक गेलं तर दुसरं आहेच’ असं कुणी तरी सांगितलंय. वाचतात, 24 पैकी 24 वाचल्याचं उदाहरण देतो. पण ते ‘दुसरं आहेच’ जरा डोक्यातून काढा.

19 ऑगस्ट 2013, कॅनडाच्या उत्तरेकडचं यलोनाइफ. बफेलो एअरवेजचं डीसी-3, 21 प्रवासी आणि 3 कर्मचारी घेऊन ग्रेट स्लेव्ह सरोवरापलीकडच्या हे रिव्हरला निघालं. महायुद्धाच्या काळातलं विमान, आणि 2013 मध्येही भाडं घेऊन माणसं नेत होतं! (आपल्याकडे खिळखिळ्या गाडीला ‘डकोटा’ म्हणतात, ती डकोटा हीच. बिचारीवर अन्यायच आहे.) जमीन सोडताच उजव्या इंजिनाला आग लागली. वैमानिकांनी कमी उंचीवरच उजवीकडे वळून दुसऱ्या धावपट्टीकडे मोर्चा वळवला, पण तिथवर पोचले नाहीत. झाडांना घासून, चाकं मिटलेलीच असताना, विमान धावपट्टीच्या बाजूला पोटावर टेकलं. नंतर भडका उडाला नाही. कुणाला खरचटलंही नाही.

डावं इंजिन चालू होतं, मग उंची का मिळेना? घरात दोघं कमावते असतात तेव्हा महिन्याला काही तरी शिल्लक पडते. एकाची नोकरी गेली की शिल्लक निम्मी होत नाही, जवळजवळ संपते. विमान वर चढतं ते याच शिलकीवर. बाकीची ताकद नुसतं हवेत राहण्यात खर्च होते.

इथे तर नोकरी गेलेला उधारीही करत होता. बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याने फिरत राहतो आणि विमानाला मागे ओढतो. म्हणून पाती कडेने वाऱ्याला सामोरी जातील अशी वळवावी लागतात, त्याला फेदर करणं म्हणतात. एसटीच्या खिडकीबाहेर तळवा उभा धरला की हात मागे फेकला जातो, आडवा केला की वारा कापत जातो, तसंच. (कंडक्टरसमोर करून बघू नका.) या विमानात पाती वळवणारा पंप बिघडला, पाती पुरती फेदर झालीच नाहीत.

तपासात इंजिनाच्या एका सिलिंडरला आधीपासून तडा असल्याचं निघालं. 1930 च्या दशकातल्या रचनेच्या इंजिनात ते मी एक वेळ समजू शकतो. मला चीड येते ती वजनाची. निघण्यापूर्वी वजनाचा नीट हिशेबच केला नव्हता, आणि मर्यादा 26,200 पौंडांची असताना विमान हजाराहून जास्त पौंडांनी जड होतं. म्हणजे त्या तुटपुंज्या शिलकीला पहिल्यापासूनच कात्री लागलेली.

वाचवलं ते विमानाच्या संथपणाने. डीसी-3 ताशी 110 किलोमीटरच्या आसपासपर्यंत हवेत तग धरतं, त्यामुळे आदळलं तरी जेटच्या वेगाने आदळत नाही. आणि वैमानिकांनी ते जमिनीला टेकेपर्यंत हातातून सुटू दिलं नाही.

तेव्हा जरूर बसा. फक्त चढण्याआधी तुमचं नि बॅगेचं वजन कुणी विचारतंय का ते बघा. विचारलं नाही, तर तुम्हीच विचारा की हिशेब कोणी केलाय. उत्तर देताना माणूस हसला, तर मी खालूनच फोटो काढेन.