क्लासची पावती आधी फाटली, मुलीला नंतर विचारलं

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या पेपर मिलमध्ये मशीन हाउसला आहे. मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आतापर्यंत ७८ टक्के. सुट्टीत मिलच्या लॅबमध्ये प्रोजेक्ट केला, तेव्हापासून ‘मला पिचवरच काम करायचंय’ म्हणते. पिच म्हणजे लाकडाचा चिकट मळ. शटडाउन घ्यायचा, कॉस्टिक सोड्याने फेल्ट, म्हणजे ओला कागद वाहून नेणारा जाड पट्टा, धुवायचं, झालं काम. त्यासाठी आणखी शिकायचं? आम्ही तिला पुण्यात एमपीएससीच्या क्लासला घालायचं ठरवलंय, पैसेही भरलेत. तिची समजूत कशी काढावी?

उत्तर : ७८ टक्क्यांची मला अजिबात काळजी नाही. ‘पैसेही भरलेत’ हे वाचून मात्र थांबलो. तिला काय हवंय हे माहीत असूनही तुम्ही पावती फाडलीत, आणि आता समजूत काढायचं काम माझ्याकडे दिलंत. ते मी करणार नाही. राज्यसेवेला लाखो मुलं बसतात आणि जागा शेकड्यांत निघतात. मनापासून ते करणारी मुलंसुद्धा चार-पाच वर्षं घालवून घरी परततात. मन लॅबमध्ये असलेल्या मुलीचं तिथे काय होईल? तुम्ही पाळ्या केल्यात, पोरीच्या वाट्याला ते नको असं वाटणं समजतं. मग तेच तिला सरळ सांगा. त्यासाठी तिच्या कामाला मळ कशाला म्हणायचं?

कारण तो मळ नाहीच. लाकडातली चरबी, राळ, मेण, स्टेरॉल लगद्याच्या पाण्यात अगदी बारीक थेंबांनी तरंगत असतात. पाण्याचा पीएच किंवा तापमान एकदम बदललं, कॅल्शियम वाढलं, की ते एकमेकांना धरतात आणि वायर (कागद जिच्यावर बनतो ती जाळी), फेल्ट, प्रेस रोल, सापडेल तिथे बसतात. मग कागदावर काळे ठिपके, भोकं, नाहीतर सरळ ब्रेक, म्हणजे कागदच तुटतो; हे तुम्हीच रोज बघता. फेल्ट धुतलं तरी पाण्यातलं पिच फिरतच राहतं, आणि तेच पाणी पुन्हा वापरलं की वाढत जातं. शंखजिऱ्याची पूड टाकली तर थेंब तिच्या कणांना चिकटून कागदाबरोबर निघून जातात. जपानी मिल्सनी १९९० च्या सुमारास लायपेज हे एन्झाइम वापरायला सुरुवात केली. पाइनचं लाकूड नुसतं दळून केलेल्या, म्हणजे यांत्रिक, लगद्यातली चरबी त्याने फुटते. तेच निलगिरीच्या क्राफ्ट, म्हणजे रसायनांत शिजवलेल्या, लगद्यात ओतलं तर फारसं हाती लागत नाही. लाकूड शिजवायच्या टाकीतल्या, म्हणजे डायजेस्टरमधल्या, अल्कलीने चरबीचा साबण आधीच झालेला असतो. उरतात स्टेरॉलसारखे पदार्थ, ज्यांचा साबण होत नाही. तुमच्या कॉस्टिकलाही ते दाद देत नाहीत! म्हणजे डाग कशाचा आहे हे आधी ओळखावं लागतं, आणि तुमची मुलगी नेमकं तेच शिकायचं म्हणतेय.

आता तिलाही एक सुनावतो. ‘पिचवरच’ हा हट्ट सोड. तुझा विषय कोलॉइड, म्हणजे पाण्यात तरंगणारे असे बारीक कण, आणि पृष्ठभागाचं रसायनशास्त्र. ते नीट आलं तर रंग, डिटर्जंट, कागद, कुठेही चालेल. जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी., नंतर एम.टेक.साठीची गेट परीक्षा आणि आयआयटी रुरकीचा सहारनपूरचा पेपर अँड पॅकेजिंग टेक्नॉलॉजी विभाग, हा एक रस्ता. पात्रता त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघ. पण या कामाच्या बऱ्याच नोकऱ्या मिलमध्ये नसून मिलला रसायनं पुरवणाऱ्या कंपन्यांत असतात. आज ही मिल, उद्या ती, रात्री दोनला ट्रायल, हातात नमुन्यांच्या बाटल्या. वापीकडच्या रद्दीवर चालणाऱ्या मिल्समध्ये तर पिचपेक्षा सेलोटेप आणि पुस्तकांच्या बाइंडिंगच्या गोंदाचा चिकटा जास्त छळतो. अशी एखादी मिल आधी आतून बघून ये. फिरती झेपेल का, हे तू ठरव. बाबांनी नाही, मीही नाही.

साहेब, क्लासचे पैसे परत मिळतात का बघा. नाही मिळाले तर सोडून द्या. पुढचं पत्र मुलीला लिहू द्या. प्रोजेक्टमध्ये डाग कशात विरघळला आणि त्यात काय निघालं, तेवढं तिने त्यात लिहावं.